एकाच वायरीची दोन टोकं

वेटोळेसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खांद्यावर निळ्या वायरीचं वेटोळं टाकून ते वर्गात येत, म्हणून कुठल्याशा जुन्या तुकडीनं ते ठेवलं आणि पुढच्या तुकड्यांनी वारसाहक्कानं चालवलं. विद्यापीठात ते इतकी वर्षं संगणकाच्या नेटवर्कचा विषय शिकवत होते, की वर्गातल्या बाकांनाही तो पाठ झाला असावा. नोकरी मात्र हंगामी. दर सुट्टीत सुटायची, दर सत्राला नव्यानं लागायची. मेहुणा जेवायला आला की हटकून विचारायचा, "काय भावोजी, यंदा आहात की नाही?" सर ते हसण्यावारी न्यायचे, आणि मग दुसरी पोळी मागायला त्यांना उगाच लाज वाटायची.

त्या दिवशी कायम जागेसाठी मुलाखत होती. जागा एक, उमेदवार चार, सरांचा नंबर शेवटचा. वयाची अट अशी, की पुढच्या खेपेला त्यांना अर्जसुद्धा करता आला नसता. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. निघताना बायको म्हणाली, "आज तरी तास घेऊ नका." त्यांनी मान डोलावली होती. पण विभागप्रमुखांनी जिन्यातच गाठलं.

"अहो, पहिला तास आहे. विषयाची ओळख तुमच्यासारखी कोण करून देणार? उरका आणि या वर. समितीत मी आहेच की."

समितीत आहे म्हणूनच तर नाही म्हणायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. सर इस्त्रीच्या शर्टावर वेटोळं टाकून प्रयोगशाळेत गेले.

एकदा वर्गात उभे राहिले की मात्र त्यांना बाकी कशाची शुद्ध नसे. "नेटवर्क चालतं कसं, हे सगळेच सांगतात," त्यांनी सुरुवात केली. "मी ते बंद कसं पडतं, ते आधी दाखवतो." टेबलावर एक चपटी पेटी होती. खोलीतल्या संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात, ती पेटी. सरांनी वेटोळं सोडलं, वायरीचं एक टोक पेटीच्या एका भोकात खुपसलं आणि दुसरं टोकही त्याच पेटीच्या दुसऱ्या भोकात. "आता कुणी एकानं हाक मारली, की पेटी ती सगळीकडे पोचवणार. या वायरीतून तीच हाक फिरून पेटीकडे येणार. पेटीला वाटणार, नवी हाक आली. ती पुन्हा सगळीकडे पोचवणार. आपणच उठवलेली अफवा फिरून आपल्या कानावर यावी, आणि आपण ती खरी मानून पुन्हा सांगत सुटावं, तसं."

पेटीवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले. पोरं खूश झाली. दरवर्षी व्हायची, कारण दरवर्षी ती पेटी टेबलावर एकटी असायची, तिचा बाहेरच्या जगाशी संबंध नसायचा.

यंदा तो होता. मागच्या बाजूनं एक करडी वायर भिंतीत गेली होती, आणि ती सरांनीच लावली होती. मागच्या रांगेतल्या संगणकांना नेटवर्क मिळेना, कार्यालय दाद देईना, म्हणून सुट्टीत त्यांनी याच पेटीतून जोडणी करून दिली आणि साफ विसरले. भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्यांनी झटक्यात निळी वायर उपटली, पण तोवर इमारतीच्या मुख्य यंत्रानं धोका ओळखून हा अख्खा मजला आपणहून तोडून टाकला होता. तो पुन्हा जोडायचा तर नेटवर्क-अधिकाऱ्यांनीच. ते मुलाखतीच्या समितीत.

"मी आलोच," म्हणून सर दाराशी गेले आणि कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. दाराचं कुलूप हे कार्ड कुणाचं म्हणून नेटवर्कवर विचारत होतं, आणि उत्तर द्यायला नेटवर्क कुठे होतं? अडीअडचणीला दार उघडायचं बटण भिंतीवर होतं खरं, पण त्याच्यापुढे कार्यालयानं लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं. चार पोरांनी जोर लावला. ते हललं नाही. अधिकाऱ्यांचा फोन बंद, प्रमुखांचाही बंद.

सरांनी दार बडवलं. बऱ्याच वेळानं बाहेरून मुलाखतीवरच्या शिपायाचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मामा, मी. अधिकाऱ्यांना सांगा, मजला जोडा म्हणावं. माझी मुलाखत आहे."

"मग तुम्ही इथं काय करताय?"

"अडकलोय हो."

"बेल वाजल्याशिवाय समितीच्या खोलीत जायचं नाही, असं बजावलंय मला. वाजली की सांगतो."

पावलं दूर गेली. सर दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांना प्रमुखांचा राग आला, कपाटाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही पोरांना हौसेनं दाखवत. बायकोला काय सांगायचं?

"सर, मग पुढे?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं. तिला काय माहीत. सरांनी खडू उचलला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ते शिकवत राहिले आणि मधूनमधून दाराकडे बघत राहिले. बिघाड कसा शोधायचा ते सांगताना त्यांचा आवाज एकदा चिरकला, तेव्हा मागची रांगही गप्प झाली.

शेवटी हिरवा दिवा लागला. दारात नेटवर्क-अधिकारी होते आणि त्यांच्यामागे एक तरणाबांड मुलगा. सरांनी त्याला लगेच ओळखलं. त्यांच्याच एका जुन्या तुकडीतला, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा.

"निरोप मिळाला तुमचा," अधिकारी म्हणाले. त्यांना सरांकडे बघवत नव्हतं. "थांबू या म्हटलं मी. पण बाहेरचे तज्ज्ञ म्हणाले, ज्यानं नेटवर्क पाडलं त्याची नेटवर्कची मुलाखत काय घ्यायची? गेले ते. आणि तसंही या मुलानं बाजी मारली. मजला बंद पडल्याचं माझ्या पडद्यावर आलं, तेव्हा आम्ही प्रत्येकाला तेच विचारलं, काय झालं असेल? एकानं व्हायरस सांगितला, दुसऱ्यानं वीज. यानं सांगितलं, एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत बघा."

अधिकारी कपाट कुणी ठेवलं ते बघायला आत गेले. मुलगा दारातच उभा राहिला.

"सर, ते तुम्हीच दाखवलं होतं. आमच्या पहिल्या तासाला."

"हो. समितीला सांगितलंस का हे?"

मुलानं खाली बघितलं. "त्यांनी विचारलं नाही, सर."

सरांनी हातावरचा खडू झटकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले.