पाण्यावर धरलेली उंची

"हात सोडला तरी हा खाली काऊन नाई पडत?"

निकेशनं हे विचारलं ते त्याच्या मोठ्या भावाच्या, खुशालच्या लग्नात. माझा मालक लोकेश, मोहर्लीचा फोटोवाला. रिमोटवरची बोटं काढून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता, तरी मी वर जागचा हललो नव्हतो.

"सातवी नापास तू, तुले काय करा लागते? बाजूले हो," लोकेश म्हणाला. वऱ्हाडी हसले.

मी तोच ड्रोन बोलतोय, तांदळाच्या डब्यातून. ओल सुकावी म्हणून लोकेशनं मला इथं पुरलंय. मला सुकायचं नाही.

माणसांचा मला राग आहे. नवरीच्या डोक्यावर मला नाचवतात, कुणाची म्हैस बुजली की खिदळतात, अन् साध्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. मी देतो. माझ्या पोटात नखाएवढा एक तुकडा आहे, तो हवेचा दाब जोखतो. वर गेलं की दाब कमी, खाली आलं की जास्त. पोटाखाली एक डोळा आहे, तो जमिनीवरचे दगड, गवत पाहून जागा धरतो. जरा घसरलो की चारही पंखे जोर करतात. बोट सुटलं की ती उंची माझी. एवढंच. सांगताना लोकेशची जीभ झडली असती का?

पावसाळा सरत आला तेव्हा खुशाल तलावात अडकलेलं जाळं सोडवायला गेला आणि डोंगा उलटला. ढिवरांनी गळ टाकले, जाळी ओढली. कमळाच्या वेलांत काही लागेना. दुसऱ्या दिवशी निकेश दुकानात घुसला अन् माझी बॅग उचलून चालता झाला.

"अबे चोट्ट्या! पाण्यावर खाली नको नेऊ, याले पानी समजत नाई!" लोकेश गाडीवरून मागोमाग तलावावर पोचला.

ऐकेल तो निकेश कसला. भाऊ नीट दिसावा म्हणून त्यानं मला अगदी पाण्यालगत आणलं. माझ्याच वाऱ्यानं लाटा उठल्या. डोळ्याला धरायला ना दगड ना गवत, सगळंच हलतं. मी झोकांड्या खाऊ लागलो.

"तू बी बेइमान! जाय, मर कुठी तरी!" त्यानं दांडी पार वर रेटली अन् मग रिमोट चिखलात फेकला.

मी मेलो नाही. बोट सुटलं, उंची माझी झाली. खालच्या लाटा निवल्या. खुशालच्या बायकोनं, दिव्यानीनं, रिमोट उचलून त्याचा पडदा पदरानं पुसला.

"भाऊजी... कमळाच्या पानाइच्या मंधात पाहा. ह्यायचा निळा शर्ट."

निकेशनं मला सरकवत नेमकं शर्टावर आणलं आणि बोटं काढली. या वेळी रागानं नाही.

डोंगे कमळांत शिरले. पानं एवढी दाट की आतल्यांना काही दिसेना. पुढच्या डोंग्यातला म्हातारा मुखरू मान वर करून मलाच पाहत वल्हवत होता. रिमोट किंचाळू लागला.

"वापस आन! बॅटरी सरली!" लोकेश ओरडला.

"हात लावून तं पाह्य," निकेश म्हणाला. लोकेशनं लावला नाही.

आता मला दुरुस्त करू नका. वरातीवर मला पुन्हा उडायचं नाही. या तांदळाचा भात करा, मला फेकून द्या. पण निकेशला कुणी तरी त्याचं उत्तर सांगा. बॅटरी सरली की आपोआप खाली उतरायचं, अशीच माझी घडण. खाली माती असो की पाणी. उतरलोच मी, त्या पानांतच बुडालो. पण मुखरूनं हात वर करून "सापडला रे" म्हणेपर्यंत मी वीतभरही खाली आलो नाही.