हाकेची घागर

आमच्याकडं शिमग्याच्या आधी हाकेची घागर खेळतात, न् ती फक्त बायांनीच. पुरुषांनी बांधावर बसून तंबाखू मळायची, मधी बोलायचं नाय.

एकीच्या डोळ्यांवर कापड, डोक्यावर भरलेली मातीची घागर. कापणी झालेल्या खाचरापलीकडनं जोडीदारणीनं तिला हाक मारायची, ती पण रिकाम्या मडक्यात तोंड घालून! सगळ्यांचा आवाज सारखाच घुमतो, ओळखायचं निव्वळ नावावरनं. विरुद्ध खेळणारी आळी भलतीसलती नावं घेऊन चकवते. म्हणून नाव असं निवडायचं, जे कुणापुढं कधी काढलेलं नाय. ते जोडीदारणीच्या कानात सांगायचं न् दोघींनी एकमेकींच्या तळव्यावरचं मीठ चाटायचं. घागर जोडीदारणीपाशी पोचली तर गुरवीण ते नाव देवीपुढं मोठ्यानं घेते. फुटली तर ते नाव परत कुणी घ्यायचं नाय.

मी शेवरी निवडलं. दारातली शेवरी फुलली होती तवा माझी पोर जन्मली, न् रडायच्या आधीच गेली. बारसं कुठलं? नाव मनातच राहिलं. देवीपुढं एकदा घेतलं जावं, एवढंच हवं होतं मला. माझी जोडीदारीण जना, तिला सांगितलं तर गळ्यात पडून रडली. माझ्या हातावरचं मीठ चाटलं मेलीनं!

खेळ सुरू झाला न् डावीकडनं हाक आली, "शेवरीऽऽ!" काय सांगू, ऊर भरून आला. हाकेमागं भराभर चालत गेले न् पाय थेट चरात. घागरीच्या ठिकऱ्या. कापड ओढलं तर समोर मडकं घेऊन गंगाबाई, खालच्या आळीची. जनाच्या सुरभीची होणारी सासू.

जना पार उजवीकडं, मडकं पायाशी पालथं. तिनं हाक मारलीच नव्हती.

"का गं?"

"विहीणबाईंनी मागितलं. पोरगी द्यायचीय त्यांच्यात. नुसतं नाव तर हाय, उज्ज्वले."

नुसतं नाव! अंगाची लाही लाही झाली माझ्या.

सांजच्याला जना शिळफाट्याहून आणलेले साखरपुड्याचे पेढे घेऊन दारात हजर. मी म्हटलं, "पेढे घेते. आधी एक हाक मार. तिथं मारली नाय ती."

तिनं पेढ्यांचा पुडा पुढं केला. "फुटल्या घागरीचं नाव घेतलं तर पाप लागतं गं. घरात लगीन हाय."

आता पाप आठवलं हिला! पुडा तिच्या हातात कोंबला न् दार लावलं.

तो नियम गेला चुलीत. भेटेल त्याला मी सांगते, तुमाला पण सांगते. माझ्या पोरीचं नाव शेवरी.