दातेरी शिक्का आणि कावेरीच्या लग्नाचे टॅग

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. धरायला शिसवी मूठ, तिच्याखाली लाकडी चकती आणि चकतीला चिकटवलेले रबर, एवढाच माझा देह. रबरावर एक दातेरी चक्र कोरलेले आहे. आज मी रंगीत शाईच्या डब्यांशेजारी बसतो आणि फुले उमटवतो, पण माझा जन्म काही फुलांसाठी झाला नव्हता.

मला बनवले ते बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यासाठी. तिथे यंत्रांचे सुटे भाग तयार होत. प्रत्येक भागाला दोऱ्याने जाड कागदाचा एक टॅग बांधलेला असे. माझे मालक गुरुदत्त तो भाग मोजत, उजेडात उलटसुलट करून पाहत आणि पसंत पडला की टॅगवर माझा छाप उमटवत. तेव्हा माझ्या चक्राच्या मधोमध 'ओके' अशी अक्षरे होती. माझ्या छापाशिवाय एकही भाग फाटकाबाहेर जात नसे. फोरमन म्हणत, "गुरुदत्तांचा शिक्का बसला ना, मग डोळे मिटून गाडीत भरा." ते ऐकले की मला माझ्या मुठीचा भारी अभिमान वाटे.

शेजारच्या टेबलावर कल्लाप्पा बसत. ते निपाणीकडचे. पास झालेल्या भागांवर बारीक कुंचल्याने नाव आणि क्रमांक रंगवणे हे त्यांचे काम. दोघांची मैत्री अशी की दुपारी एकाचा डबा दुसराच उघडत असे. कल्लाप्पांची मुलगी कावेरी लहानपणी गुरुदत्तांच्या खांद्यावर बसून कारखान्याची दसऱ्याची पूजा पाहायला येई.

मला मात्र कल्लाप्पांचा कुंचला पहिल्यापासून डोळ्यांत खुपत असे. काम संपले की त्याला टर्पेंटाइनची आंघोळ घालत, मऊ फडक्याने टिपत आणि केस विंचरावेत तसे त्याचे टोक बोटांनी नीट करत. मला शाईत दाबायचे, कागदावर आपटायचे आणि तसेच खणात टाकायचे. मी करतो ते काम मोठे, आणि लाड मात्र त्याचे.

पुढे कारखान्यात स्टिकर छापणारे यंत्र आले आणि कागदी टॅग बंद झाले. दोघे मित्रही त्याच सुमारास निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी गुरुदत्तांनी मला रुमालात गुंडाळले आणि सर्जापूर रोडवरच्या मुलीच्या घरी आणले. पत्नीच्या मागे ते तिथेच राहत होते.

मुलगी सुप्रीता इमारतीच्या सभागृहात दर रविवारी शोभेचे टॅग बनवायला शिकवत असे. भेटवस्तूला, रोपाला, डब्याला बांधायचे टॅग. तिने मला हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "अप्पा, ह्यातली अक्षरं काढली तर काय सुंदर सूर्यफूल होईल."

गुरुदत्तांनी त्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला. मग चष्मा लावून, धारदार पाते घेऊन त्यांनी माझी अक्षरे हळूहळू तासून काढली. ज्या अक्षरांमुळे मला मान होता ती रबराचा चुरा होऊन वर्तमानपत्रावर पडली. मित्रांनो, तेव्हा मला अगदी पोकळ वाटले.

पण पहिला छाप उमटला आणि माझे दुःख पळाले. सुप्रीताने जाड कागदाचा टॅग कापला, त्याचे वरचे दोन कोपरे तिरके उडवले. स्पंजने त्यावर फिकट पिवळी शाई चोळली, वर पाण्याचे थेंब शिंपडून टिपले. थेंबांच्या जागी पांढुरके ठिपके राहिले. मग गुरुदत्तांनी मला तपकिरी शाईत टेकवले. "स्वल्प कमी घ्या अप्पा, नाहीतर पसरेल," सुप्रीता म्हणाली. त्यांनी मला सरळ धरून दाबले, उचलले. माझे दात पाकळ्या झाले होते. वर्गातल्या बायका म्हणाल्या, "काका, तुमचं फूल जराही वाकडं येत नाही." गुरुदत्तांचा चेहरा उजळला. काही महिने त्या वर्गात आमच्याच फुलांचे कौतुक होते.

मग एके दिवशी गुरुदत्तांनीच कल्लाप्पांना फोन केला. "घरी बसून काय करतोस? वर्गाला ये."

कल्लाप्पा आले आणि त्यांनी कुंचला उचलला. मित्रांनो, तो कारखान्यातला कुंचला नव्हता, पण जात तीच. त्यांनी ओल्या कागदावर निळा रंग सोडला, तो पसरू दिला आणि त्यात एका दमात तारेवर बसलेली चिमणी काढली. पेन्सिल नाही, खाडाखोड नाही. बघता बघता सगळा वर्ग आपापली टेबले सोडून त्यांच्याभोवती जमला. आमच्या टेबलावर मी आणि गुरुदत्त दोघेच उरलो.

त्या दिवसापासून माझ्या मालकांच्या तोंडची भाषा बदलली. "रंग जरा जास्त झालाय." "दोऱ्याचं भोक मध्यावर नाही तुझं." ते पट्टी घेऊन कल्लाप्पांचे टॅग मोजत. कल्लाप्पा हसून म्हणत, "मोज की गुरण्णा, तुझी सवयच हाय ती." ते हसणे गुरुदत्तांना आणखी झोंबत असे. मी तर रोज मनात म्हणत होतो की या कुंचल्याचे केस गळावेत.

त्यातच कावेरीचे लग्न ठरले. ती कोरमंगल्याला नोकरी करत होती आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहत होती. एका रविवारी ती दुचाकीवरून थेट वर्गात आली. लग्नात पाहुण्यांना तुळशीचे रोप द्यायचे आणि प्रत्येक रोपाला हाताने रंगवलेला टॅग बांधायचा, असे तिच्या मनात होते. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, सगळी फुलं तुम्हीच रंगवायची. तुमच्या हातची." मग ती हसत आमच्या टेबलाशी आली. "काका, तुम्ही भोकं पाडून द्याल ना? तुमच्याइतकं मध्यावर कोणालाच जमत नाही."

तिने ते प्रेमानेच म्हटले होते. गुरुदत्त म्हणाले, "मला वेळ होणार नाही बहुतेक." घरी आल्यावर त्यांनी मला न धुताच खणात टाकले आणि वर्गाला जाणे सोडून दिले.

माझ्या दातांच्या फटींत शाई वाळून कडक झाली. अंधारात पडल्या पडल्या मी एकच विचार करत होतो. आत्ता कुंचल्याला कोणीतरी पाण्यात खळबळून धूत असेल.

एका सकाळी सुप्रीता म्हणाली, "कल्लाप्पाकाकाही वर्गाला येईनात. घरीच रंगवतो म्हणतात. लग्न जवळ आलं, एकही टॅग दाखवला नाही. अप्पा, तुम्ही जाऊन बघा ना."

"त्याला माझी काय गरज?"

"तुम्हाला त्यांचं चांगलं झालेलं बघवत नाही, अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली आणि कामावर निघून गेली.

दुपारी कल्लाप्पांच्या पत्नीचा, यल्लव्वांचा फोन आला. "भाऊजी, एकदा येऊन जावा. हे कुणाशीच बोलेनात." गुरुदत्त उठले. निघताना त्यांनी खण उघडून मला खिशात टाकले. रिकाम्या हाताने कल्लाप्पांसमोर जाणे त्यांना कमीपणाचे वाटले असावे.

कल्लाप्पा जमिनीवर बसले होते. भोवती टॅग पसरलेले होते. एकाही फुलाची पाकळी धड नव्हती. रेघा नागमोडी, रंगाचे फराटे. कल्लाप्पांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि तो थरथरत होता. डाव्या हाताने त्यांनी तो झाकायचा प्रयत्न केला, तर दोन्ही हात थरथरू लागले.

मला झाला तो आनंद. कुंचला ताटलीच्या कडेला वाळून पडला होता. मी खिशातून डोकावून गुरुदत्तांकडे पाहिले, तर त्यांच्या चेहऱ्यावरूनही तेच झरकन गेले. कल्लाप्पांना ते दिसले.

"बघाय आलास व्हय?" ते म्हणाले.

"हो. बघायलाच आलो."

"बघितलंस. मग?"

गुरुदत्त त्यांच्यासमोर खाली बसले. "मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं रे."

कल्लाप्पांनी जवळचा एक बिघडलेला टॅग उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी कमी होईल, पण सगळं जाणार न्हाई. कावेरीला सांगू नकोस. लग्नाच्या तोंडावर पोरीला घोर कशाला?"

गुरुदत्तांनी मला खिशातून काढले. "वहिनी, दात घासायचा जुना ब्रश आहे का? आणि जरा साबणाचं पाणी." यल्लव्वांनी दिले. गुरुदत्तांनी माझा एक एक दात घासला. वाळलेली शाई सुटली, तपकिरी पाणी वाटीत उतरले. मग तपकिरी रंग कालवून त्यांनी कोऱ्या टॅगवर माझा छाप मारला आणि टॅग कल्लाप्पांपुढे सरकवला. "ह्याच्यात भर रंग."

कल्लाप्पांनी कुंचला भिजवून मऊ केला आणि पिवळ्यात बुडवला. हात थरथरला. रंग माझ्या रेषेच्या बाहेर गेला.

"गेला बाहेर," ते म्हणाले.

"जाऊ दे. पाकळी आहे ती, नटबोल्ट नव्हे."

यल्लव्वा तोंडाला पदर लावून हसल्या. कल्लाप्पाही हसले. पुढे कित्येक दुपारी दोघे तिथे बसले. मी गोल आखून देत असे आणि कुंचला त्यात रंग भरे. बाहेर ओघळलेल्या रंगामुळे प्रत्येक फूल वाऱ्यावर हलल्यासारखे दिसे. भोकेही गुरुदत्तांनीच पाडली, अगदी मध्यावर.

लग्नाच्या दिवशी मी गुरुदत्तांच्या कोटाच्या खिशात होतो. पाहुणे टॅग हातात घेऊन म्हणत होते, "रंग किती जिवंत आहेत." कावेरी सगळ्यांना सांगत होती, "माझ्या बाबांनी रंगवलेत." गोल कोणी उमटवला हे एकानेही विचारले नाही. मी आतल्या आत जळत होतो. गुरुदत्तांचा श्वासही जरा जोरात चालला होता.

मग अक्षता टाकताना कल्लाप्पांच्या मुठीतून तांदूळ सांडत राहिले. कावेरीने ते पाहिले. विधी संपताच ती त्यांच्याजवळ आली आणि तिने तो हात आपल्या मेंदीच्या हातात घट्ट धरला. "बाबा, हे कधीपासून?" कल्लाप्पांनी मान खाली घातली. तिने गुरुदत्तांकडे वळून विचारले, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," गुरुदत्त म्हणाले. "टॅग आम्ही मिळून केले. तू काळजी करू नकोस, मी आहे त्याच्याबरोबर." कावेरी खाली वाकली आणि तिने दोघांच्या पायांना हात लावला.

मित्रांनो, माझा मत्सर कायमचा गेला असे मी म्हणणार नाही. रविवारी कुंचला धुतला जातो तेव्हा अजूनही माझे दात शिवशिवतात. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती आहे. काम झाल्यावर कुंचला धुवाल तेव्हा शिक्क्यालाही पाणी दाखवा. वाळलेली शाई आणि मनातली असूया, दोन्ही जितक्या लवकर धुवाल तितकी सहज निघतात. आणि ज्या माणसाचा तुम्हाला हेवा वाटतो, त्याच्या घरी एकदा जाऊन बसा. लांबून फक्त त्याचे कौतुक ऐकू येते. त्याचा हात थरथरतो आहे, हे जवळ बसल्यावरच दिसते.