शब्दांची पेटी आणि जहागिरीचे कार्ड

मित्रांनो, तुमच्या हेमाबाईंनी देवरुखहून पत्र पाठवले होते. "सर, तुमची शब्दांची कार्डे आमच्या शाळेतल्या मुलांसाठी पाठवाल का?" एवढेच त्यांनी विचारले होते. उत्तर गेले नाही. पत्र माझ्या पोटात पडून राहिले.

मी सागवानाची एक जुनी पेटी आहे. इतिहासाचे शिक्षक नागेशसर यांनी मला तुमच्याच गावच्या सुताराकडून करून घेतले. ते एकेका कार्डावर एकेक शब्द लिहीत: मनसबदार, उलेमा, सामुराई, शोगुन. वर्गात मुले माझ्यात हात घालून शब्द काढत आणि सर त्याची गोष्ट सांगत. तेव्हा मला उगाच मोठे झाल्यासारखे वाटे.

निवृत्तीनंतर सर मुलाकडे, शैलेंद्रकडे, दुबईला आले. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये माझी जागा कपाटावर. सर उत्तर लिहायला बसत आणि 'जहागीर'पाशी अडत. कार्डावर होते, 'बादशहाने दिलेली जमीन'. मुले त्याचा अर्थ वाडवडिलांची मालमत्ता असाच घेत. मोगलांच्या काळी तसे नव्हते, पण सोपे करून सांगणे सरांना जमेना. अपुरे कशाला पाठवायचे, म्हणून काहीच जाईना.

मग शैलेंद्रची अबुधाबीला बदली झाली. फ्लॅट कंपनीचा, तो सोडायचा होता. सून अनुराधा म्हणाली, सामान कमी करू या. सरांनी स्वतःच मला टाकायच्या सामानात ठेवले. पेटी काय बोलणार?

नात शुभ्राने जाता जाता मला उघडले. हाती आले जहागिरीचेच कार्ड. सर चाचरत सांगू लागले. जमीन मनसबदाराची, म्हणजे बादशहाच्या सरदाराची नसे, पगाराऐवजी तिचा महसूल तेवढा त्याला मिळे. बदली झाली की जहागीरही बदले. मुलाला ती वारशाने मिळत नसे.

"ओह, लाइक अवर फ्लॅट," शुभ्रा म्हणाली. "बाबांचं पोस्टिंग संपलं, खलास."

सरांनी तिच्या हातून कार्ड घेतले. "हे मला वर्गात कधी सुचलं नाही गं."

त्यांनी नवे कार्ड लिहिले, खाली शुभ्राचे नाव घातले आणि त्याच बैठकीत हेमाबाईंना उत्तरही लिहिले: पेटीच पाठवतो आहे.

मित्रांनो, मी पोहोचले की मला कपाटावर ठेवू नका. हात घाला. एखादे कार्ड अपुरे वाटले, तर खाली तुमचे लिहा.

पोस्टाच्या खिडकीतल्या कारकुनाने, मुश्ताकने, विचारले, "अंकल, अंदर क्या है?"

"पुराने शब्द," सर म्हणाले. मग थांबून, जरा मोठ्याने, "बच्चों के लिए. और एक चिठ्ठी का जवाब."

माझ्यावर शिक्का बसला.