गाऱ्हाण्याचा फॉर्म

दीपिकाला ओबडधोबड रेघ सहन व्हायची नाही. माणूस वाकडा वागला तर ती एक वेळ गप्प बसेल, पण फॉर्मवरची रेघ कमीजास्त दिसली की ती ठीक केल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. कसालच्या बाजारात तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं, आणि अशा रेघा तिच्याकडे रोज पायांनी चालत यायच्या.

फॉर्म बनवणारी माणसं रिकाम्या जागा कशा सोडतात हे बघायचं असेल तर तिच्या दुकानात तासभर बसावं. कुणी शिफ्ट दाबून डॅश मारत सुटलेला. कुणी स्पेसबार दाबत बसलेला आणि वर अंडरलाइनचं बटण ठोकलेलं. कुणाला एवढाही धीर नाही, त्याचे नुसते ठिपके. पेनाने भरायचं असेल तर हे सगळं खपून जातं. पण कम्प्युटरवर नाव घालायला गेलं की नाव रेघेवर बसत नाही, रेघेलाच पुढे ढकलतं. रेघेचं शेपूट खालच्या ओळीत, त्या ओळीचं तिच्या खालच्या ओळीत, असं करत अर्जदाराची सही दुसऱ्या पानावर जाऊन एकटी बसते.

दीपिकाचा उपाय ठरलेला होता. लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबायचं, जुन्या रेघा झाडून पुसायच्या, उजव्या समासाला टॅब लावायचा आणि त्या टॅबलाच रेघ जोडून द्यायची. मग नाव दोन अक्षरी असो की अख्खं खानदान असो, रेघ समासाला जाऊन टेकणार आणि पुढचा मजकूर निमूटपणे खालच्या ओळीवरून सुरू होणार. "दीपिकावयनीकडचो फॉर्म म्हणजे भाताची पेरलेली वाफी," असं लोक म्हणायचे, आणि तिला ते ऐकायला आवडायचं. कुणाला आवडत नाही?

तिचे सासरे महादू गावकर. वाडी त्यांना आप्पा म्हणे. वाडीच्या वडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. दिवाळी सरून भात घरात आलं की प्रत्येक घराचा एक नारळ तिथे ठेवायचा आणि गावकराच्या घरातल्या पुरुषाने प्रत्येकाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं. हे गाऱ्हाणं. एकाने मागायचं, आणि तो थांबला की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. कोणाच्या घरात काय दुखतंय, कोणाचं काय अडलंय, हे सगळं आप्पांच्या डोक्यात असे. कागद नाही, चिठ्ठी नाही. आवाज असा की वडावरचे बगळे उठायचे.

यंदा चतुर्थीच्या आधी आप्पांना झटका आला. हातपाय सावरले, काठी घेऊन चालायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. बोलायला तोंड उघडत आणि नुसता घोगरा श्वास बाहेर पडे. आयुष्यभर वाडीसाठी बोललेला माणूस पाणी मागायला भांडं वाजवू लागला.

गाऱ्हाणं आता तिच्या नवऱ्याच्या, गुरुदासच्या गळ्यात आलं. गुरुदास ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेचा पंप चालवायचा. 'पाणी सोडलंय' आणि 'पाणी बंद केलंय' यापलीकडे त्याला फारसं बोलावं लागत नसे, आणि तो बोलतही नसे.

"माका जमाचा नाय," तो म्हणाला. "लोकांसमोर माझी जीभ टाळ्याक चिकटता. पलीकडच्या वाडीतलो कोणतरी बोलवया."

हे आप्पांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दीपिकाने वाटी उचलली आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "दुसरो कोण येवचो नाय. तुमी वाचून म्हणा. कागद मी करतंय."

गेल्या वर्षी चुलतदीर सिद्धेशने आप्पांच्या गाऱ्हाण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो ऐकून अर्धा मजकूर सिद्धेशने टाइप केला, उरलेला जामसंड्याच्या नणंदेने, संचिताने. घरोघरचं नाव आणि मागणं बदलणार, म्हणून दोघांनी तिथे तिथे रिकाम्या जागा सोडल्या होत्या. फाइल उघडल्यावर दीपिकाने कपाळावर हात मारला. सिद्धेशचे डॅश, संचिताचे ठिपके, आणि मध्येच कुठेतरी अंडरलाइन केलेल्या स्पेस. एक रेघ इंचभर, तर दुसरी कसालपासून ओरोसपर्यंत.

दुकान बंद ठेवून ती बसली. सगळं पुसलं, टॅब लावले, प्रत्येक रेघ समासाला नेऊन भिडवली. मग वाडीत हिंडून एकेकाला काय मागायचंय ते विचारून आली आणि घरटी एक कागद भरला. राधाकाकीची गुडघेदुखी, सिद्धेशचं लग्न, कुणाची म्हैस, कुणाच्या मुलाची बोट. शेवटचा कागद स्वतःच्या घराचा. तिने गुरुदासला विचारलं, "आपल्या घराचा काय लिवू?"

"रवांदे," तो म्हणाला.

तिने ती रेघ तशीच मोकळी सोडली. छापून आलेले कागद तिने पिशवीत घातले तेव्हा तिला वाटलं, आता आंधळ्यालाही गाऱ्हाणं घालता येईल. अभिमान वाटावा असंच काम झालं होतं.

गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात तालीम झाली. देवाला खोटी हाक मारायची नसते, म्हणून ऐकणारे तोंडं मिटून बसले होते. गुरुदासने खालमानेने दोन कागद वाचून काढले. अडखळला, पण पार पडला. फक्त आप्पा खुर्चीत बसून मधूनमधून काठी जमिनीवर आपटत होते. ठक. पुन्हा काही वेळाने, ठक.

"तेंका कागद आवडाक नाय," गुरुदास पुटपुटला आणि त्याने कागद खाली ठेवले.

दीपिकाला रागच आला. एवढी मेहनत केली ती कुणासाठी? म्हाताऱ्याला कागद नको, नवऱ्याला तोंड नको, मग देवापुढे उभं कोण राहणार, मी? पण हे सगळं तिने मनातच ठेवलं आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी वडाखाली जमली. नारळ ओळीने मांडले. पुरुष पुढे, बायका मागे. आप्पांना खुर्ची आणून पाषाणाच्या बाजूला बसवलं. गुरुदास हात जोडून उभा राहिला, जोडलेल्या हातांत कागद.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

सुरुवात बरी झाली. दीपिकाने सोडलेला श्वास शेजारणीला ऐकू गेला असेल.

"राधाबाईच्या घरात जी काय गुडघेदुखी..."

इथे ओळ संपली. गुरुदास थांबला आणि त्याची नजर खालची ओळ शोधू लागली. वाडीला जन्मापासून एकच सवय. गावकर थांबला की म्हणायचं.

"व्हय म्हाराजा!"

"...आसात, ती बारा वाटेन पळवून लाव," गुरुदासने पुढचं वाचलं, पण त्याला कोण विचारतो? देवासमोर सगळ्या वाडीने राधाकाकीच्या गुडघेदुखीला होकार भरून झाला होता.

राधाकाकीने आजूबाजूला बघितलं. "काय गो, माझे गुडघे दुखाक होये म्हणान सगळ्यांनी सांगितलास?"

बायकांत खसखस पिकली. गुरुदासचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने दुसरा कागद वर घेतला.

"सिद्धेशाच्या लग्नाक जी काय आडकाठी..."

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यात मोठा आवाज सिद्धेशचाच. ओरडून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली. आता मात्र पुरुषांतही हसू फुटलं.

मागून एक म्हातारा कडाडला, "अरे गुरुदासा, होया काय ता मागतस, की नको ता? उद्या वाडीत रोगराई इली तर तुझ्या दारात आणून सोडू!"

हसणं थांबलं. देवाच्या बाबतीत चेष्टा एका मर्यादेपर्यंतच. गुरुदासने आप्पांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. दीपिकाला कळलं की तो आता कागद ठेवून चालू लागणार, आणि पुन्हा कधी या वडाखाली उभा राहणार नाही. आप्पा ते बघत तिथेच बसून राहणार.

ठक.

आप्पांची काठी. दीपिकाने त्या आवाजाकडे कान दिला. कागद ठेवण्याआधी गुरुदासने सिद्धेशच्या कागदावरचं अर्धं राहिलेलं वाक्य त्याच क्षणी कसंबसं वाचून संपवलं होतं. वाक्य जिथे पुरं झालं, तिथे काठी पडली होती. काल खळ्यातही तसंच. कालची प्रत्येक ठक तिने आठवून बघितली. आप्पा चिडले नव्हते. माणसांनी व्हय कुठे म्हणायचं ते दाखवत होते, आणि आपण चुलीकडे निघून गेलो.

रेघांचं गुपितही तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. आप्पांचं बोलणं वाहतं असायचं, नाव आणि दुखणं त्या ओघातच यायचं. तिने मात्र प्रत्येक रेघ समासाला नेऊन टेकवली होती, म्हणजे प्रत्येक दुखणं नेमकं ओळीच्या शेवटी. वाचणारा तिथे थांबणारच. आपल्या सुबक कामाचा असा राग तिला जन्मात कधी आला नव्हता.

बायका तिथे पुढे जात नसत. जाऊ नये असं कुणी सांगितलं नव्हतं, जात नसत एवढंच. दीपिका पदर खोचून पुढे गेली.

"चूक ह्यांची नाय, माझी आसा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कागदार ओळ मीच थय तोडलंय. हे वाचूक थांबतत, आणि तुमी व्हय म्हणतास. आता हे थांबले म्हणान कोणी तोंड उघडू नकात. आप्पांची काठी पडली काय मगे व्हय म्हणा."

वाडीने आप्पांकडे बघितलं. आप्पा खुर्चीत सरळ झाले. काठीवरची मूठ त्यांनी बदलून घट्ट धरली.

"माझा पयल्यापासून घाल रे," राधाकाकी ओरडली. "ता गुडघ्याचा आधी मिटव!"

गुरुदासने पहिला कागद पुन्हा घेतला. "राधाबाईच्या घरात जी काय गुडघेदुखी..." तो थांबला. वडाखाली चिडीचूप. दोघातिघांची तोंडं उघडली होती ती त्यांनी हाताने बंद केली. "...आसात, ती बारा वाटेन पळवून लाव रे म्हाराजा!"

ठक.

"व्हय म्हाराजा!"

मग गाडी रुळावर आली. सिद्धेशची आडकाठी गेली, म्हैस गाभण राहिली, बोट सुखरूप किनाऱ्याला लागली. दहाएक घरं झाल्यावर गुरुदासचा आवाज छातीतून यायला लागला. आप्पांचा आवाज नव्हे तो, पण ऐकू जाण्यासारखा. बापाची काठी आणि लेकाचा शब्द यांची अशी जुळणी बसली की मघाचा रागावलेला म्हातारासुद्धा मान डोलवू लागला. दीपिका मागे आपल्या जागेवर येऊन उभी राहिली होती. तिला रडावंसंही वाटत होतं आणि हसावंसंही.

शेवटचा नारळ त्यांच्या घराचा. गुरुदासने कागद उघडला. मजकूर होता तोच होता, आणि मागण्याच्या जागी दीपिकाने ओढलेली मोकळी रेघ, इकडून थेट समासापर्यंत. त्याने ती बघितली. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"बा राखणदारा म्हाराजा," तो म्हणाला. "ह्या जाग्यार माझ्या बापाशीन जल्मभर दुसऱ्यांसाठी तोंड उघडलान. आपल्या घरासाठी कधी काय मागूक नाय. आज मी मागतंय. तेंची वाचा तेंका परत दी. सगळी नसात देवची, तर पोटापुरती दी. तान लागली तर पाणी म्हणाक येवंदे. माका नावान हाक मारूक येवंदे. एवढा कर रे म्हाराजा."

वाक्य पुरं झालं होतं. सगळी वाडी काठीची वाट बघत उभी राहिली.

काठी पडली नाही. आप्पांनी ती गुडघ्यांवर आडवी ठेवली होती. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते त्यांनी हळूहळू एकमेकांना जोडले. ओठ हलले, घशात नेहमीचा घोगरा श्वास घोळला. दीपिकाला वाटलं, पाणी हवंय. ती पुढे सरकली.

"व्ह... य," आप्पा म्हणाले. मग मान वर करून, प्रत्येक अक्षर ओढून काढत, "म्हा... रा... जा."

आयुष्यभर या वडाखाली त्यांनी मागणं मागितलं होतं, होकार नेहमी दुसऱ्यांनी भरला होता. त्या दिवशी त्यांच्यामागून वाडीने व्हय म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. सगळे आप्पांचा आवाज ऐकत उभे राहिले.