पंधरा मिनिटांपूर्वीचा साठा

शर्मिष्ठा चांदोरकर लखनऊला आली तेव्हा दोन वर्षांत पुण्याला परतायचं, असं तिने घरच्यांना सांगितलं होतं. सातवं वर्ष लागलं तरी ती शहराच्या महानगर भागात देवस्थळींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. त्याला कारण बऱ्याच अंशी घरमालकीण लतिकाकाकू. नरहरकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी. काकू मात्र चाळीस वर्षं लखनऊत काढून इथल्याच झाल्या होत्या. त्यांचं मराठी वर्ध्याचं, पण मधेमधे ‘अच्छा’ आणि ‘सुनो’ पेरलेलं. पन्नाशीत त्या स्वतः स्कूटी शिकल्या आणि मग कॉलनीतल्या निम्म्या बायकांना त्यांनी पार्कामागच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवली. शर्मिष्ठाही तिथेच शिकली. गुडघे फुटले तेव्हा हळदही काकूंनीच लावली.

शर्मिष्ठा गोमती नगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. शहरातल्या रक्तपेढ्यांमध्ये कुठे किती साठा आहे हे दाखवणारं पोर्टल तिची कंपनी सांभाळायची. एरवी त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. पण त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता डेंग्यू पसरला आणि सगळं शहर प्लेटलेट्स शोधायला त्या एका पानावर येऊन आदळलं. प्रत्येक माणूस मिनिटामिनिटाला पान ताजं करणार, आणि प्रत्येक वेळी पोर्टल मागच्या डेटाबेसला विचारणार. तो डेटाबेस जुना, दुसऱ्याच कंपनीच्या ताब्यातला. पान उघडायला चाळीस सेकंद लागू लागले, मग ते उघडेनासंच झालं.

मोठा सर्व्हर मागवायचा तर मंजुरीला हिवाळा उजाडला असता. शर्मिष्ठाने वेगळा मार्ग काढला. जगभर वापरलं जाणारं एक ओपन सोर्स कॅश सॉफ्टवेअर तिने उतरवून घेतलं आणि तीन दिवसांत पोर्टल आणि डेटाबेस यांच्या मधे बसवलं. त्याचं काम साधं होतं. डेटाबेसला एकदा विचारायचं, मिळालेलं उत्तर मेमरीत धरून ठेवायचं आणि पुढची पंधरा मिनिटं जो येईल त्याला तेच द्यायचं. मग पुन्हा एकदा विचारायचं. पान अर्ध्या सेकंदात उघडू लागलं. तिचे साहेब, निगम सर, यांनी सगळ्या मजल्याला समोसे मागवले. काकूंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांना कॅश म्हणजे रोख रक्कमच वाटली, आणि दोघी खूप हसल्या.

पंधरा मिनिटं हा आकडा शर्मिष्ठाला खुपत होता. पिशवी दिली गेली की त्याच क्षणी कॅशमधला आकडा पुसला जावा, असं तिला हवं होतं. त्यासाठी रक्तपेढ्यांच्या सॉफ्टवेअरने तसा निरोप धाडायला हवा होता, आणि ते दुसऱ्या कंपनीचं होतं. तिने तीन ईमेल लिहिले. तिन्हींना ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. मग, निदान आकडा किती जुना आहे ते तरी शेजारी दाखवू या, असं तिने सुचवलं. ज्यांचं पोर्टल होतं त्या सरकारी खात्याला ते रुचलं नाही. लोकांचा विश्वास उडेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. उलट त्यांनी पानावर ठळक अक्षरांत एक ओळ घालायला लावली, की रक्तपेढीला फोन करू नका, साठा इथेच पाहा. त्यानंतर रक्तपेढ्यांनी फोन उचलणं जवळजवळ सोडून दिलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंना ताप भरला. चौथ्या दिवशी त्यांना महानगरमधल्याच एका खासगी हॉस्पिटलात हलवलं. पाचव्या दिवशी दुपारी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि डॉक्टरांनी काकांच्या हातात प्लेटलेट्सचा फॉर्म आणि रक्ताचा नमुना ठेवला. लवकर आणा, एवढंच ते म्हणाले.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी शर्मिष्ठाला ऑफिसात काकांचा फोन आला.

“पोर्टलवर दोनच ठिकाणी दिसतायत,” ते म्हणाले. “इथे जवळच, कपूरथला चौकातल्या पेढीत एक, आणि पार तिकडे सरोजिनी नगरात चार. फोन कुणीच उचलत नाही. तू सांग, कुठे जाऊ?”

तिने कॅश उघडून पाहिला. दोन्ही आकडे अकरा मिनिटांपूर्वीचे होते. नवे यायला आणखी चार मिनिटं होती, आणि डॉक्टरांनी तर लवकर सांगितलं होतं. खरा आकडा डेटाबेसमध्ये होता, पण तो थेट पाहण्याची परवानगी तिला नव्हती. अर्ज करायचा, मग दुसऱ्या कंपनीतला माणूस पाहून सांगणार. तिने अर्ज टाकला. दोन्ही पेढ्यांना फोन लावून पाहिला. घंटा वाजत राहिली. काका लाइनवर थांबले होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

मग तिने तेच केलं जे ती रोज करते, हिशेब मांडला. एक पिशवी अकरा मिनिटांत जाऊ शकते. चारच्या चार जाणं अवघड. कपूरथल्याहून हात हलवत परतायला लागलं तर सरोजिनी नगरला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. फॉर्म एक, नमुना एक, दोन्हीकडे माणूस धाडता येत नव्हता.

“सरोजिनी नगरला जा, काका,” ती म्हणाली. “चार आहेत. लगेच निघा.”

काका निघाले. गाडी चालवताना ते फोन घेत नसत, त्यामुळे नवे आकडे आले तरी त्यांना वाटेत वळवता येणार नव्हतं. हजरतगंज, चारबाग, आलमबाग आणि पुढे कानपूर रोड. ऐन सणाची गर्दी, आलमबागला कसलीशी मिरवणूक. सव्वा तासाने ते पोचले. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. चारही पिशव्या एकाच वॉर्डसाठी तीन वाजून सोळा मिनिटांनी गेल्या होत्या. काकांनी फोन केला त्याच्या नऊ मिनिटं आधी.

त्याच सुमारास शर्मिष्ठाच्या अर्जालाही उत्तर आलं. सरोजिनी नगर, शून्य. कपूरथला, शून्य. तिने विचारलं, कपूरथल्याची पिशवी कधी गेली? तिकडचा माणूस भला होता, त्याने पाहून सांगितलं. पावणेचारला. म्हणजे काकांनी फोन केला तेव्हा ती तिथेच होती, हॉस्पिटलपासून दहा मिनिटांच्या अंतरावर.

तिने खुर्चीवरून पर्स उचलली आणि निगम सरांना न सांगताच ती निघाली. हॉस्पिटलात काकूंजवळ बसून तिने ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. छावणीतल्या एका मेजरच्या बायकोने, काकूंच्याच हाताखाली स्कूटी शिकलेल्या, प्लेटलेट्स द्यायला माणूस उभा केला. पण त्याच्या तपासण्या, मग यंत्रावरचे दोन तास. पिशवी लागली तेव्हा साडेआठ झाले होते. काकू शुद्धीवर होत्या. वेदिका, त्यांची मुलगी, विमानात बसली का, हे त्यांनी दोनदा विचारलं. पहाटे पोटात रक्तस्राव सुरू झाला. वेदिका पुण्याहून पोचली तेव्हा सात वाजले होते आणि सगळं संपलेलं होतं.

चार तास आधी पिशवी मिळाली असती तर काकू वाचल्या असत्या का, हे शर्मिष्ठाने डॉक्टरांना गाठून विचारलं. ते प्रामाणिक होते. कदाचित हो, कदाचित नाही, कुणीच सांगू शकणार नाही, असं म्हणाले. ‘नाही’ म्हणाले असते तर तिला त्याचा आधार झाला असता, आणि ‘हो’ म्हणाले असते तर निदान शिक्षा तरी झाली असती.

काकू गेल्यानंतर पाचव्या दिवशी शर्मिष्ठा खाली गेली. काका टेबलाशी बसून हॉस्पिटलचे कागद तारखेनुसार लावत होते. वेदिका स्वयंपाकघरात फोनवर हिंदीत कुणाला तरी तेच पुन्हा सांगत होती. शर्मिष्ठाने काहीही न लपवता सांगितलं. कॅश काय असतो, तो कुणी बसवला, पंधरा मिनिटं म्हणजे काय, आणि कपूरथल्याची पिशवी पावणेचारपर्यंत जागेवर होती, हेही.

काका ऐकत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आकडा जुना झालाय, हे मशीनला ठाऊक असतं?”

“असतं, काका. किती सेकंद जुना, तेही असतं.”

“आमच्याकडे सिग्नलला पुढच्या रुळाची खबर लागेनाशी झाली, तार तुटली, काहीही झालं, की तो लाल होतो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. “गाड्या खोळंबतात. लोक शिव्या देतात. पण ठाऊक नसताना हिरवा कधी दाखवत नाही. मला वाटलं, सगळीकडे तसंच असेल.”

ते पुन्हा कागद लावू लागले. मग वेदिकाने चहा आणून ठेवला आणि ‘दीदी, आप ऑफिस जाइए’ असं हळूच म्हटलं.

ऑफिसात जाऊन तिने कुणाला विचारलं नाही. पंधरा मिनिटांच्या जागी तिने एक मिनिट घातलं. पहिली दहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग डेटाबेसची उत्तरं उशिरा येऊ लागली, तोवर दारात आणखी शेकडो प्रश्न साचले, आणि विसाव्या मिनिटाला पोर्टल पडलं. आता कुठल्याच पेढीचा कुठलाच आकडा कुणालाच दिसेना. हेल्पलाइनचे फोन खणखणू लागले. लोक ओरडत होते, एक माणूस नुसता रडत होता. निगम सर धावत तिच्या टेबलापाशी आले, स्क्रीन पाहिली आणि काय झालं ते त्यांना कळलं. काकूंचं त्यांना ठाऊक होतं. ते नुसते मागे उभे राहिले.

शर्मिष्ठाने एक पुसून पुन्हा पंधरा घातलं. स्वतःच्या हाताने. चार मिनिटांत पोर्टल उठलं आणि पुन्हा अर्ध्या सेकंदात उघडू लागलं.

संध्याकाळी निगम सरांनी तिला केबिनमध्ये बसवून समजावलं, की त्या पंधरा मिनिटांमुळे हजारो लोकांना काहीतरी दिसतं, नाहीतर कुणालाच काही दिसणार नाही. तिला हे पटत होतं. ते खोडून काढता येत नव्हतं, हीच तर अडचण होती. आकडा किती जुना आहे ते दाखवण्याचा प्रस्ताव आपण पुन्हा पाठवू, या वेळी माझ्या सहीने, असं ते म्हणाले, आणि त्यांनी तो खरंच पाठवला.

नोव्हेंबरच्या मध्यावर खात्याची मंजुरी आली, पण मजकूर बदलून. आकड्याशेजारी वेळ नको. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘साठ्यात बदल संभवतो’ एवढंच टाकावं. मोबाइलवर ती ओळ पाहायला बोटाने चार-पाच वेळा पान सरकवावं लागायचं. शर्मिष्ठाने ती टाकली. त्याच ईमेलमध्ये आणखी सहा शहरांसाठी असंच पोर्टल उभारण्याचा आदेश होता, याच पद्धतीने, याच कॅशसह. पद्धत बसवणाऱ्या म्हणून तिचं नाव कौतुकाने पहिलं लिहिलेलं होतं. नाव काढा, असं तिने कळवलं. ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं.

वेदिका काकांना पुण्याला घेऊन गेली. जाताना काकांनी शर्मिष्ठाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाण्याची मोटर कधी लावायची, कधी बंद करायची, ते नीट समजावून सांगितलं. आपल्याला माफ केलंय का, हे विचारण्याइतकं धैर्य तिच्यात नव्हतं.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. धुक्याने सकाळी समोरचं घर दिसेनासं झालं. डास संपले आणि डेंग्यूही ओसरला. पोर्टलवर आता दिवसाकाठी चाळीस-पन्नास माणसं येत. एवढ्यांना जुना डेटाबेस आरामात उत्तरं देऊ शकत होता. एका दुपारी शर्मिष्ठाने कॅशची मुदत एक मिनिटावर आणली आणि तासभर स्क्रीनपुढे बसून राहिली. काहीच पडलं नाही. सगळ्या पेढ्यांचे आकडे आता अगदी खरे होते, मिनिटामिनिटाला ताजे, आणि ते पाहायला कुणीही येत नव्हतं.