वीस शब्दांचं कडवं

बोल्ट बत्तीस. मी दोनदा मोजले. आठ यंत्रमागांचे प्रत्येकी चार, फरशीतून बोटभर वर आलेले. त्यांतले पाच वाकलेले. ट्यूबलाइट सहा, चालू दोन. कोपऱ्यात सुताच्या रिकाम्या कांड्यांची तीन पोती, खुंटीला आप्पांचा एक सदरा. माग दिवाळीनंतर भंगारात गेले होते. शेड चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद, पत्रा सरासरी चौदा फुटांवर. घनफळ बारा हजार तीनशे वीस घनफूट. आप्पांना तिथं गाणी ऐकायला स्पीकर हवे होते.

"येवढं मोजून काय ठरलं?" आप्पांनी विचारलं.

"खोली लई मोठी हाय. लहान स्पीकर एकट्यानं पुरणार न्हाईत. संगट खालच्या दणक्याला सबवूफर लागंल."

"मग घेऊ की. पायाला कळाय पायजे."

आई मागच्या दारात उभी होती. "तीस वर्सं मी गातोय, तवा ह्यांना कान न्हवतं. आता डब्यातलं गाणं ऐकाय निघाल्यात!"

आप्पांची तिच्याकडे पाठ होती. ते वाकलेला बोल्ट बघत होते. आई पाय आपटत आत गेली.

आई कबनूरमधल्या आमच्या वस्तीतल्या बायकांच्या गटात गाते. गाणी स्वतः रचते. जयंतीच्या कार्यक्रमाला आप्पा पहिल्या रांगेत बसतात, पण टाळ्या सगळ्यांनंतर वाजवतात. त्यावरून घरात दरवर्षी भांडण होतं. कार्यक्रमानंतर आई दोन दिवस त्यांना भाऊसो म्हणून हाक मारते, पाहुण्याला मारावी तशी.

शनिवारी मी आणि आप्पा एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. दुकान शिवाजी पेठेत, तालमीच्या पुढच्या गल्लीत. मालकाचं नाव सम्राट. त्याला सर्दी झाली होती म्हणून तोंडाला मास्क लावलेला.

"या पावणं, कुठनं आलायसा?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

सम्राटनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कबनूर."

"खोली केवढी हाय, काका?"

"बरं चाललंय की."

मी मापं सांगितली. त्यानं मान हलवली. "मॅडम, ही खोली न्हवं, मंगल कार्यालय झालं. डीजेचं बॉक्स घ्या की सरळ."

मला डीजे नको होता. मी तीन बुकशेल्फ जोड्यांचा तक्ता करून नेला होता. तिन्ही आमच्या आवाक्यातल्या. बुकशेल्फ म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावतील असे, हे मी बसमध्येच सांगितलं होतं. तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आदी फळी करूया. मग पुस्तकं. तवर स्पीकर जुनं हुत्यात."

सम्राटनं एकच गाणं तिन्हींवर लावलं. पहिल्या जोडीत झांजेचा प्रत्येक ठोका सुटा येत होता. दुसरीत झांज बसलेली, मागे गेलेली. तिसरी या दोन्हींच्या मधली.

"काय फरक वाटतोय?" मी विचारलं.

"तिन्ही एकच," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, ते पैसे वाचवायला तसं म्हणतायत. मग सम्राटनं दहा इंची सबवूफर चालू केला. आप्पांनी चपला काढल्या, फरशीवर दोन्ही पाय टेकवले आणि डोळे मिटले.

"तीन नंबर," ते म्हणाले.

सम्राट हसला. मी हसले नाही. आमच्या शेडमधला तीन नंबरचा माग सगळ्यांत जड चालायचा. आप्पा दारात अनवाणी उभे राहून सांगायचे, तीन नंबरचा पिकर सैल झालाय. धोटा मारणारा तो तुकडा उघडून बघितला की खरंच सैल निघायचा.

चहा आला. प्यायला सम्राटनं मास्क हनुवटीखाली ओढला.

"माग किती हुतं, काका?"

"आठ."

"सगळं इकलं?"

"इकलं. किलोवर."

दोन प्रश्न, दोन बरोबर उत्तरं. त्याआधी मास्क होता तेव्हा दोन प्रश्न आणि दोन्ही चुकीची. चार निरीक्षणांवरून निष्कर्ष काढू नये. मी कप घेऊन आप्पांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, तुमच्या सदऱ्यावर चहा सांडलाय."

सम्राटनं वळून पाहिलं. आप्पांनी नाही.

घरात आप्पांशी बोलायचं तर आम्ही त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहतो. ती आमच्या घरची रीत आहे, असं मी बावीस वर्षं समजत होते. माग चालू असताना शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथं कुणी ओरडत नाही, नुसते ओठ हलवतात, आणि समोरच्याला कळतं. आप्पा घरीही ओठच वाचत होते.

मी समोर येऊन बसले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला समजलंय हे त्यांना कळलं असावं. खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत पेनड्राइव्ह होता.

"हे लावा," ते सम्राटला म्हणाले. "मंडपवाल्याकडनं भरून घेतलंय. ह्यातलं शब्द येतील असला डब्बा द्या."

आईचा आवाज दुकानात भरला. मागे ढोलकी.

"शब्द तर सगळ्यातच येत्यात की, काका."

"मला न्हाई येत."

सम्राटनं कप खाली ठेवला. मास्क त्यानं परत वर घेतला नाही.

"शेडात मागांचा दणका," आप्पा मला म्हणाले. "कांड्या भरताना ती खाली बघून गायची. स्टेजवर गेली तर तोंडासमोर माईक. सूर येतोय मला. पर काय म्हणत्या ते न्हाई. लोकं रडत्यात, मी बघत बसतोय."

"आईला सांगायचं की."

"आता सांगू? तीस वर्सांनी?"

"कानाच्या डॉक्टरकडं जाऊया."

"जाऊ. आदी हे हुदे."

मी तक्ता घडी करून पिशवीत टाकला. झांज आता उपयोगाची नव्हती. दुसऱ्या जोडीत माणसाचा आवाज पुढे येत होता. ती घेतली, आणि दहा इंची सब.

रविवारी आई गटाच्या बैठकीला गेल्यावर मी शेडमध्ये जोडणी केली. स्पीकर दोन स्टुलांवर, आप्पांपासून सहा फुटांवर, कानाच्या उंचीला. आईच्या एका गाण्यात चार कडवी होती, प्रत्येकात वीस शब्द. तेच कडवं पुन्हा लावलं तर ते पाठ होईल, म्हणून प्रत्येक वेळी वेगळं कडवं घ्यायचं ठरवलं. मी थांबवायची, आप्पा ऐकू आलेले शब्द मोठ्यानं म्हणायचे, मी खुणा करायची.

पहिलं कडवं, सब चालू. वीसपैकी सहा.

आप्पा तीन नंबरच्या बोल्टांमध्ये अनवाणी उभे होते. पत्रा थरथरत होता. माग गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "सबमुळं शब्द दबत्यात. बंद करून बघूया?"

त्यांनी बोल्टावर एकदा पाय दाबला. मग स्वतः वाकून त्यांनी बटण बंद केलं.

दुसरं कडवं, सब बंद.

"अंगठ्याची शाई..." आप्पा थांबले. "काय तरी... सहीनं पुसली." पुन्हा थांबले. "पोरीच्या... माझी शाळा बसली."

"पोरीच्या दप्तरात माझी शाळा बसली," मागून आवाज आला. "हे माझं हाय."

आई दारात होती. किती वेळ, ते मला मोजता आलं नाही. ती चालत आप्पांच्या समोर आली.

"कान जाऊन किती वर्सं झाली?"

"ह्या प्रीतीच्या जन्माच्या आदीपासनं."

"आन टाळ्या?"

"दुसऱ्यांच्या बघून वाजवत हुतो."

आईनं पदर तोंडाला लावला. मग आप्पांना ओठ दिसत नाहीत हे लक्षात येऊन तो खाली घेतला.

"डोकं फिरलंय तुमचं," ती सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली. "हे कळलं न्हवं?"

"हे रोजच कळतंय की."

ती हसली. कांड्यांचं एक पोतं ओढून तिनं आप्पांच्या समोर टाकलं आणि त्यावर बसली.

"प्रीते, किती आलं दुसऱ्यात?"

"आठ."

"बंद कर ते. तिसरं मी म्हणतो. तू लिहून घे."

मी स्पीकर बंद केले आणि मोजायची टेप लावून अंतर घेतलं. ती गायला लागली, खाली न बघता.

अंतर चार फूट. माईक नाही, ढोलकी नाही. तिसरं कडवं, वीस शब्द. आप्पांनी एकोणीस सांगितले.